जागा सोडलेलं मांजर

"मांजरं आवडतात का?"

खोली बघायला गेलो तेव्हा आम्हाला पहिला प्रश्न हा विचारला गेला. भाडं किती, पाणी कुठून, संडास कुठे, हे सगळं नंतर. मी उत्साहाने म्हणालो, "हो तर. आमच्याकडे सांगलीला लहानपणापासून मांजर होतं." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "मग नाय जमायचं."

मी उभ्या जागी गार. लग्नाला पुरते तीन महिनेही झाले नव्हते आणि त्या आठवड्यात आम्हाला नकार देणारं हे पाचवं घर होतं. तेवढ्यात माझी बायको हळूच म्हणाली, "मला मांजरांची भीती वाटते हो. अंगावर आली तर?" बाईंनी कमरेची किल्ली काढली आणि कोपऱ्यातल्या दोन खोल्यांचं दार उघडलं.

"आवडनारी मानसं हात लावतात," त्या म्हणाल्या. "भिनारी लांबून बगतात. मला बगनारी पायजेत."

खोली कुणामुळे मिळाली, हे बायकोने पुढे आठ वर्षं मला विसरू दिलं नाही.

घर तारापूरच्या अलीकडे, चिकूच्या वाडीत होतं. बोईसरला तेव्हा कारखान्यांच्या शेड भराभर उभ्या राहत होत्या आणि माझ्यासारखे बी.एस्सी. झालेले पोरगे पत्र्याच्या ट्रंका घेऊन रोज तिथे उतरत होते. मी एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. तापाच्या गोळ्यांची पावडर तिथे ड्रमच्या ड्रम तयार व्हायची आणि ती पुरेशी शुद्ध आहे की नाही, ते आम्ही ठरवायचो. चोविसाव्या वर्षी एवढा अधिकार हातात आला की माणूस जरा ताठ चालतो. मीही चालत होतो. बाईंना सगळी वाडी काकी म्हणायची, आम्हीही म्हणू लागलो. त्या मला 'केमिस्ट' म्हणायच्या. त्या हाकेत आदर किती आणि चेष्टा किती, ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

काकींकडे नऊ ते बारा मांजरं असायची. त्यातल्या एकालाही नाव नव्हतं. मनी, सोनी, काळू असलं काही कानावर पडलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मांजर जिथे बसतं, ते त्याचं नाव. चुलीपाशी बसायची ती चुलीवाली. मागच्या दाराशी पायरीवाली. विहिरीच्या पंपाच्या खोलीवर लोळणारा पंपावाला. माळ्यावरची. आणि ओटीवरच्या वेताच्या खुर्चीत दिवसभर पसरलेला दांडगा बोका, तो खुर्चीवाला.

मला आधी वाटलं, नावं ठेवायचा कंटाळा असेल. विचारलं तर म्हणाल्या, "मांजर आजारी पडलं की सांगत नाय. लपवतं. पन जागा सोडतं. जागा सोडली की नाव खोटं पडतं, आनि नाव खोटं पडलं की मला लगेच कळतं."

रोज उजाडताच त्यांची फेरी असे. हातात बॅटरी. दिवसाउजेडी बॅटरी घेऊन फिरणारी म्हातारी बघून आमच्याकडे येणारे पाहुणे एकमेकांना कोपराने ढोसायचे. काकी मांजरांना हाक मारत नसत, गोंजारत तर मुळीच नसत. गोंजारण्याला त्या 'लोणी लावणं' म्हणायच्या. प्रत्येक मांजरासमोर दोन मिनिटं उभ्या राहायच्या, बघायच्या आणि पुढे जायच्या. अंग चाटलंय की केस पिंजारलेत? डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा वर आलाय का? पाण्याच्या मडक्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ कोण बसलंय? आठवड्यातून एकदा प्रत्येकाचा वरचा ओठ अंगठ्याने उचलून आत बॅटरी मारायच्या. आतला रंग गुलाबी असला की पुढचं मांजर. तेवढाच काय तो त्यांचा आणि मांजरांचा स्पर्श.

एकदा माळ्यावरची कोपऱ्यात बसून घुरघुरत होती. बायकोची भीती एव्हाना थोडी गेली होती. ती म्हणाली, "काकी, आज खूश दिसतेय ही."

"खुशी असंल तर खुशी," काकी म्हणाल्या. "पन मानूस दुखल्यावर 'आई गं' करतो, तवा त्याला काय आईची आठवन येते? ही कोपऱ्यात तोंड घालून घुरघुरते हाय. खूश मांजर भिंतीकडं बगत नाय बसत."

तिच्या पुढच्या पंजात बाभळीचा काटा खोल रुतला होता. काढल्यावर ती माळ्यावर गेली आणि तिने घुरघुरणं बंद केलं.

हेच माप त्या माणसांनाही लावायच्या. एका रविवारी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमची बायको चार दिस झाले दारात बसून भाजी निवडत नाय. आत खाटेवर बसून निवडते. डॉक्टरला दाखवा." मी म्हटलं, उन्हं वाढली असतील. "उन्हं तिकडं येतच नाय," त्या म्हणाल्या. बोईसरच्या डॉक्टरीणबाईंनी अभिनंदन केलं आणि परत येताना बायको एस.टी.त मला म्हणाली, "तुमच्या आधी काकींना कळलं." मी एस.टी.च्या टपाकडे बघत राहिलो.

चुकायच्याही. पायरीवालीने एकदा आठ दिवस पायरी सोडली आणि खाणं टाकलं. काकींनी घर डोक्यावर घेतलं. पोट दाबून बघितलं, दात बघितले, पाण्यात गूळ-मीठ घालून चमच्याने पाजलं. नवव्या दिवशी मासळी घेऊन येणारी बाई सहज म्हणाली, "तुमची ती करडी मांजर पलीकडं चांगली रुळली हं. रोज कोलंबी खाते." पायरीवालीने शेजारच्या वाडीत दुसरा संसार थाटला होता आणि आमच्याकडे फक्त झोपायला येत होती. काकींनी चमचा घासून जागेवर ठेवला. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "पोट गच्च लागलं हाताला, तवाच कळायला पायजे होतं."

त्यांची कीर्ती मात्र लांबवर होती. रविवारी सकाळी ओटीवर दोन-चार माणसं टोपलीत, पिशवीत, पोत्यात मांजर घेऊन बसलेली असायची. मांजराला दवाखान्यात नेतात हे तेव्हा आमच्या भागात कुणाला फारसं माहीत नव्हतं. दवाखाना गुराढोरांचा. एकदा दांडी गावचा एक बोटवाला नाखवा बोका घेऊन आला. बोका दर पाच मिनिटांनी वाळूत जाऊन बसायचा, जोर करायचा, ओरडायचा, आणि काहीच व्हायचं नाही. नाखव्याने दोन दिवस एरंडेल पाजलं होतं.

"हागायला होत नाय त्याला," तो म्हणाला.

काकींनी बोक्याच्या पोटाला नुसतं बोट लावलं. बोका किंचाळला. "ह्याला मुतायला होत नाय," त्या म्हणाल्या. "फुगा झालाय आत. आत्ता उठ, आत्ता. पालघरला गुरांच्या डॉक्टरकडं ने. दवाखाना बंद असंल, पन शेजारीच ऱ्हातो तो, घराचं दार वाजव. उद्या नेलंस तर नेऊ नको, तिकडंच पुर."

नाखवा रागावला, पण उठला. चार दिवसांनी एक मोठी सुरमई घेऊन आला. डॉक्टरने नळी घालून मोकळं केलं होतं. सुरमई आम्ही खाल्ली, मांजरांना काकींनी तिचा काटासुद्धा दिला नाही, मसाल्याचं त्यांना देऊ नये म्हणून.

हे सगळं त्या कुठे शिकल्या, हा प्रश्न मला पडायचा. उत्तर एका दुपारी मिळालं. आम्ही ओटीवर चिकू निवडत होतो आणि खुर्चीवाला खुर्चीत पालथा पडला होता. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं, माणूस नाही आणि मांजरही नाही.

"खुर्ची ह्यांची," काकी म्हणाल्या. "वाडीतून आले की संध्याकाळी इथं बसायचे. तीस वर्सं. मग एक महिना बसले नाय. आतल्या खोलीत पडायचे. मी विचारलं, काय होतंय? बोलले, कंटाळा आलाय. मी बोलले, असंल. रोज खुर्ची रिकामी बगत होते आनि खुर्चीखालचं झाडून घेत होते. डोळे पिवळे झाले तवा नेले. डॉक्टर बोलला, लई उशीर केला."

त्यांनी एक किडका चिकू बाजूला टाकला. "तवा हा एवढा होता," बोक्याकडे न बघताच त्या म्हणाल्या. "त्या महिन्यात कुठून तरी आला. दिवसभर ह्यांच्या पोटावर झोपायचा. हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी खुर्चीत येऊन बसला. आता त्यांच्या अंगाला लागलेलं जितं असं हेच एक हाय."

पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही. मीही काढला नाही. पण त्यानंतर त्या खुर्चीजवळून जाताना मी आवाज न करता जाऊ लागलो.

माझ्या बायकोला सातवा महिना होता तेव्हा वाणगावला काकींच्या बहिणीच्या नातीचं लग्न निघालं. काकींनी किती वर्षांत घर सोडलं नव्हतं कोण जाणे. जायचं की नाही, यावर आठवडाभर त्यांचा त्यांच्याशीच वाद चालला. शेवटी मंगळवारी जाऊन शुक्रवारी सकाळी परत, असं ठरलं. निघताना मला समोर उभं केलं.

"केमिस्ट, सकाळी फेरी मारायची. वेगळं काय दिसलं तर बगायचं. करायचं काय नाय. वाणगावच्या एस.टी.च्या कंडक्टरला निरोप द्यायचा, तो लग्नघरी पोचवतो. मी पुढच्या गाडीनं येते."

"अहो, मी औषधाच्या कारखान्यात आहे," मी हसत म्हणालो.

"म्हनूनच सांगते," त्या म्हणाल्या.

बुधवारी संध्याकाळी कामावरून आलो तर खुर्ची रिकामी. खुर्चीवाला पंपाच्या खोलीत, पाण्याच्या पिंपामागे अंग चोरून बसला होता. हात लावला तर तापलेला. माझ्यातला केमिस्ट जागा झाला. घरातला थर्मामीटर त्याच्या मांडीत धरला. एकशे तीनच्या वर. ताप! आणि ताप म्हणजे तर माझं खातं.

गुरुवारी सकाळी मी त्याला चिकूच्या करंडीत घालून वखारीतल्या काट्यावर ठेवलं. साडेचार किलो. साठ किलोच्या माणसाला एक गोळी, तर साडेचार किलोला किती, हे त्रैराशिक सहावीतलं पोरगंही मांडेल. उत्तर फारच बारीक तुकड्याचं आलं. एवढा तुकडा ब्लेडने कापायचा कसा, म्हणून मी सोयीसाठी पाव गोळी धरली. कुस्करून बोंबलाच्या तुकड्यात भरली आणि त्याला चारली. बायको म्हणाली, "निरोप पाठवा ना. साडेसातची एस.टी. अजून जायचीय." मी म्हटलं, "लग्नघरात उगाच कशाला घोर लावायचा?" हे कारण खोटं होतं. काकी परत आल्यावर 'ताप आला होता, मी उतरवला' असं मला ओटीवर चार माणसांत म्हणायचं होतं.

संध्याकाळी बायकोने सांगितलं की तो दुपारी थोडं दूध प्यायला. अंगही गार लागत होतं. मी खूश होऊन आणखी पाव गोळी दिली.

शुक्रवारी सकाळी बॅटरी घेऊन पंपाच्या खोलीत गेलो आणि मला तो ओळखूच येईना. तोंड सुजलेलं, पंजे सुजलेले, तोंडातून लाळेची तार, आणि धाप अशी की बरगड्या मोजाव्यात. मी काकींसारखा अंगठ्याने ओठ उचलला. आत गुलाबी कुठेच नव्हतं. चहाच्या गाळाचा रंग होता.

नऊच्या एस.टी.ने काकी आल्या. रिकामी खुर्ची त्यांना फाटकातूनच दिसली. पिशवी न ठेवता त्या थेट पंपाच्या खोलीत गेल्या. खाली बसून शेपटीच्या मुळाशी केस बाजूला केले. "हा बगा चावा. पंपावाल्याशी मारामारी केलीन. आत पू झालाय, ताप त्याचा." मग ओठ उचलला आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"हे चाव्याचं नाय," त्या म्हणाल्या. "ह्याला काय दिलं?"

"काही नाही," मी म्हणालो.

बायको मागच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. काकी पायरीवर बसल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. रोज सकाळी मांजरांकडे बघायच्या तसंच, रागाशिवाय, घाईशिवाय.

"कामावर नाय गेलात," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या.

"निघतच होतो."

"चहा तसाच हाय तुमचा."

कठड्यावर माझ्या चहावर साय धरली होती. आतून बोक्याची धाप ऐकू येत होती. मला सगळं सांगायचं होतं आणि मी चपला घालत होतो, काढत होतो. आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. अशी दहा मिनिटं गेली असतील. मग मी सांगितलं. कोणती गोळी, पाव तुकडा, दोनदा, काल सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला.

त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या उठल्या आणि करंडी घेऊन आल्या. "चला पालघरला. हे डॉक्टरला असंच्या असं सांगायचं. वेळेसकट."

पालघरचा डॉक्टर तरुण होता. मी सांगितलेलं ऐकून त्याने हातातली सिरिंज खाली ठेवली. "बरं झालं बोललात," तो म्हणाला. "ताप आणि पू बघून मी आणखी एक तापाचंच इंजेक्शन देणार होतो. मांजराला हे औषध चालत नाही. आपल्या शरीरात ते मोडून बाहेर पडतं, त्यांच्यात ती सोय नाही. रक्त काळं पडतं, श्वास पुरत नाही."

"मी वजनावर काढलं होतं," मी म्हणालो.

"वजन बरोबर असेल. पण मांजर म्हणजे चार किलोचा माणूस नव्हे. आणि त्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं. तुम्हाला दिसला तेवढा ताप त्याला नव्हताही."

त्याने पू काढला, सलाइन लावलं, सी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. त्याच्याकडे होतं ते सगळं केलं. काल आणला असतात तर, असं म्हणून तो सिरिंज धुवायला गेला. परतीच्या गाडीत काकी करंडी मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या होत्या. उमरोळी मागे पडल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दहा मिन्टं घेतलीत तुमी."

"हो," मी म्हणालो.

शनिवारी दुपारी काकींनी त्याला उचलून घेतलं. त्यांनी कुठल्याही मांजराला कडेवर घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. खुर्चीत ठेवलं, शेजारी जमिनीवर बसल्या आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. तासाभराने तो गेला. मी आत जाऊन रडलो. बायको माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, आणि तिनेही मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्याचाच जास्त त्रास झाला.

वाडीतली माणसं विचारायला आली. खुर्चीवाला सगळ्यांच्या ओळखीचा होता. काकी म्हणाल्या, "वयानं गेला." मी तिथेच उभा होतो. मासळीवालीला तेच, शेजारच्या वाडीवाल्यांना तेच. बायकोला दिवस गेलेले, आम्ही परमुलुखातले, माझं नाव वाडीभर व्हायला नको, असं त्यांना वाटलं असावं. मी कधी विचारलं नाही. कुणाचंही दुखणं लपू न देणारी ती बाई माझं मात्र पदराखाली झाकत होती, आणि मी ते झाकू देत होतो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

आम्हाला मुलगी झाली. बायको माहेरून परत आली. खुर्ची ओटीवर तशीच होती, काकी खाली झाडून घ्यायच्या. रविवारची माणसं येत होती. त्यातले निम्मे आता जाता जाता माझ्या दारातही डोकावायचे, डोकं दुखतंय, पोराला कणकण आहे, साहेब, तुमच्या फॅक्टरीतली एखादी गोळी असली तर बघा. मी देत होतो.

अशाच एका रविवारी चिंचणीच्या शाळेतल्या एक बाई आल्या. पिशवीत पांढरी मांजर. ओटीवर आधीच तिघे बसले होते आणि माझी बायको मुलीला उन्हात घेऊन बसली होती. काकी आत हात धूत होत्या. त्या बाईंनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"तुम्हीच ना ते फॅक्टरीतले? काकींची वाट कशाला बघायची मग. ताप आहे हिला, दोन दिवस पलंगाखालून निघत नाही. घरात गोळ्या आहेत आमच्या. फक्त किती द्यायची ते सांगा. अर्धी की पाव?"

काकी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. 'देऊ नका' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्या बाईंनी का म्हणून विचारलं असतं, मी कुठेतरी वाचलंय म्हणालो असतो. काकी माझ्याकडे बघत होत्या.

"एक कणही देऊ नका," मी म्हणालो. "आमचा खुर्चीवाला त्या गोळीने गेला. मी दिली होती. पाव पाव करून दोनदा."

ओटीवर बसलेल्यांतला एक जण काकींकडे वळून म्हणाला, "तुमी तर वयानं बोललात."

"बोलले," काकी म्हणाल्या. "खोटं बोलले." आणि पुन्हा माझ्याकडे बघू लागल्या. अजून संपलं नाही, हे मला कळलं.

"आणि काकींनी काय दिलं म्हणून विचारलं," मी म्हणालो, "तेव्हा मी 'काही नाही' म्हणालो. त्यात दहा मिनिटं गेली."

काकी खाली बसल्या. त्यांनी त्या बाईंच्या पिशवीचं तोंड उघडून आत बॅटरी मारली, ओठ उचलला, रंग बघितला. "गुलाबी हाय. वेळ हाय अजून," त्या म्हणाल्या. "दुपारची गाडी पकडा, पालघरला न्या." मग ओटीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आनि तापाचं ह्यापुढं केमिस्टला विचारायचं. मला त्यातलं ह्यांच्याएवढं कळत नाय."

त्या बोलण्यात चेष्टा नव्हती. मी नीट बघितलं.

पुढे मी त्या वाडीत बरीच वर्षं राहिलो. तापलेलं मांजर घेऊन कुणीही आलं की काकी ओटीवरून हाक मारायच्या, "ओ केमिस्ट," आणि मी हातातलं काम ठेवून बाहेर यायचो. समोर बसायचो आणि दर वेळी पहिल्यापासून सांगायचो. मांजर कुणाचं होतं, गोळी कुणी दिली, आणि विचारल्यावर मी आधी काय म्हणालो होतो.